कप्तान फिट्झरॉयचा निवाडा

भूगोलाच्या तासाला 'बीगल' जहाजाची गोष्ट निघाली म्हणजे मुलें डार्विनचें नांव तत्काळ सांगतात. त्याच्या कप्तानाचें नांव मात्र आमच्या वर्गांत आजवर कोणी सांगितलें नाहीं. तें रॉबर्ट फिट्झरॉय. हा इंग्रज गृहस्थ १८०५ सालीं जन्मला, बाराव्या वर्षीं पोर्ट्समथच्या आरमारी विद्यालयांत शिरला, आणि तेविसाव्या वर्षीं बीगलचा कप्तान झाला. पण त्याच्या चरित्रांतील आमचें आवडतें पान दर्यावरचें नाहीं.

१८४३ च्या डिसेंबरांत तो न्यूझीलंड बेटांचा गव्हर्नर होऊन आला. सहाच महिन्यांपूर्वीं वैराउ येथें रक्तपात झाला होता. तेथील जमीन आपण विकत घेतली, असें न्यूझीलंड कंपनी म्हणे. आम्हीं ती विकलीच नाहीं, असें माओरी लोक म्हणत. मोजणी थांबेना, तेव्हां त्यांनीं मोजणीदाराचें सामान बाहेर काढून त्याची झोपडी जाळली. त्यांच्या सरदारांस पकडावयास गोऱ्यांची हत्यारबंद टोळी गेली, बंदुका सुटल्या. २२ गोरे मेले, त्यांतील कित्येक शरण आल्यावर. माओरींतही माणसें पडलीं. एका सरदाराची पत्नी त्यांत होती.

आतां गव्हर्नर सूड घेईल अशी वसाहतवाल्यांची खात्री. १८४४ च्या फेब्रुवारींत वायकनाइ येथें शेंकडों माओरींसमक्ष त्यानें टे रौपराहा या सरदाराची हकीकत ऐकली, सुमारें अर्धा तास विचार केला, आणि सांगितलें कीं शरणागतांस मारणें हा घोर अपराध खरा, परंतु पहिली चूक गोऱ्यांची. सूड घेतला जाणार नाहीं.

आपल्याच लोकांविरुद्ध हा निवाडा! ते चवताळले. खजिना रिकामा, उत्तरेस लढाई, हींही कारणें होतींच. १८४५ सालीं त्यास परत बोलावण्यांत आलें. पुढें वर्तमानपत्रांतून हवेचें भाकीत प्रसिद्ध करण्याचा उपक्रम त्यानेंच १८६१ सालीं सुरू केला.

हें पान आम्हांस सुखानें शिकवतां येत नाहीं. फार वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका शाळेंत असतां, दोन मुलांचें भांडण आमच्यापुढें आलें. एक बड्या घरचा, दुसरा शाळेच्या शिपायाचा मुलगा. चूक कोणाची हें आम्हांस पांच मिनिटांत कळलें होतें. तरी आम्हीं दोघांसही दोन-दोन छड्या मारल्या आणि मनाशीं तिला समदृष्टि म्हटलें. शिपायाचा मुलगा कांहींच बोलला नाहीं. हात मात्र त्यानें, आम्हीं सांगण्यापूर्वींच, पुढें केला होता.