भूक नसणं म्हणजे तप नव्हे



ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झालं. आठवड्यातून तीनदा शहाडहून कल्याणला रिक्षाने जातो, चार तास बसतो. मागच्या पर्युषणात स्थानकात एक भाभी म्हणाल्या, "भाईसाहेबांचा आहार किती कमी झालाय, केवढा संयम!" मला बरं वाटलं. आता लाज वाटते.

किडनी बिघडली तेव्हा प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही डाळ पातळच करत राहिले. वजन तेवढंच दिसे. खरं तर अंगात पाणी वाढत होतं आणि मांस झडत होतं. काट्याला दोन्ही सारखंच. सदरा खांद्यावरून घसरायला लागला, रक्तात अल्ब्युमिन 3.1 आलं, तेव्हा आहारतज्ज्ञ ताईंनी समजावलं. डायलिसिसआधी प्रोटीन कमी, सुरू झाल्यावर जास्त: वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.2 ग्रॅम. शिवाय प्रत्येक वेळी मशीनमधून साधारण 6 ते 8 ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात.

मी बी.कॉम. झालेली. वही काढली. वजन 56 किलो, म्हणजे गरज 60 ग्रॅमच्या आसपास. जमा जेमतेम 35. दुपारची पाळी संपून घरी येईपर्यंत सूर्य मावळलेला, आणि ह्यांचा चौविहार. महिन्याला बारा जेवणं बुडत होती!

अंडी आपल्याला चालत नाहीत. म्हणून पनीर, दही, मुगाची घट्ट डाळ. प्रमाण मात्र ताईंनी ठरवलं, कारण पोटॅशियम, फॉस्फरसही सांभाळायचं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी टाकते. फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबरच देते.

चौविहाराचं महाराजसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "समाधी टिकावी म्हणून पच्चक्खाणातच आगार ठेवलेले असतात." तरी ह्यांचं मन होईना. दोन महिने मागे लागून सकाळची पाळी मिळवली. आता संध्याकाळी साडेपाचला ताट वाढते.

तप आपण ठरवून करतो. आजाराने भूक मेली, तर ते तप नव्हे, दुखणं आहे. तुमच्या घरी कोणी डायलिसिसवर असेल, तर फ्रिजवरचा कागद कोणत्या तारखेचा आहे, तेवढं आजच बघा.

चुकलंमाकलं मिच्छामि दुक्कडम्.