४७५ वर्षं म्हणजे नक्की किती?

"४७५ वर्षांत एकदा बसणारा हादरा" असं वाचलं की आपण लगेच हिशेब करून मोकळे होतो. म्हणजे आपल्या हयातीत नाही, पतवंडं बघून घेतील! हा हिशेब साफ चुकीचा.

हा आकडा उलट्या बाजूने येतो. इमारतीच्या ५० वर्षांत त्या जागी जो हादरा ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के आहे, तो धरायचा असं इंजिनियर मंडळी ठरवतात. प्वासाँचं सूत्र लावलं की निघतात ४७५ वर्षं. या सूत्राला स्मरणशक्ती नाही. शंभर वर्षं शांततेत गेली तरी पुढच्या वर्षीची शक्यता तेवढीच. सध्या आम्ही पुण्यात फ्लॅट बघतोय, म्हणून मी तेच सूत्र २० वर्षांच्या होम लोनला लावलं. उत्तर आलं सुमारे ४ टक्के. बायको म्हणाली, "अरे, पण चार टक्के म्हणजे कमी की जास्त?" आता काय सांगणार? हापिसात सर्व्हर पडायची शक्यता चार टक्के म्हटली तर मॅनेजरला झोप लागत नाही :)

हे गणित अ‍ॅलिन कॉर्नेल यांनी १९६८ मध्ये मांडलं. भूकंप कुठे होऊ शकतात, केवढे आणि किती वेळा (तीव्रता एका अंकाने वाढली की संख्या साधारण दहापट घटते), अंतराबरोबर हादरा किती विरतो, या सगळ्या शक्यतांची बेरीज. कोड म्हणाल तर एका दुपारचं काम. घोडं पेंड खातं ते डेटापाशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं, तेव्हा तो भाग नकाशावर झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. जवळपास दहा हजार माणसं गेली. जुन्या नोंदी नाहीत म्हणून धोकाही नाही, असं धरलं गेलं होतं. २००२ च्या नकाशातून झोन एक काढूनच टाकला.

शिवाय नकाशा जमिनीबद्दल बोलतो, आपल्या बिल्डिंगबद्दल नाही. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला कच्छात, पण दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. त्यातल्या कितीतरी खाली नुसते खांब आणि पार्किंग अशा. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा लवचिक, मग सगळी ओढाताण त्या खांबांवर.

परवा एका साइटवर सेल्सवाला स्विमिंग पूल दाखवत होता, आणि मी पार्किंगमध्ये खांबांच्या मधल्या काँक्रीटच्या भिंती मोजत होतो. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागितलं तर म्हणाला, "सर, असं कुणी मागत नाही." बुधवारपर्यंत मेल करतो म्हणालाय.