मावशीची प्रार्थना

कुंभिवलीत आमच्या घरात पहाटे दोन आवाज उठतात. मी बाबासाहेबांच्या फोटोपुढं त्रिसरण म्हणतो. चुलीपाशी मावशी गुडघे टेकते. ती नगरकडची, सासरी ख्रिस्ती झालेली. नवरा गेला तशी आमच्याकडं आली.

एकदा मी चिडून बोललो, "मावशी, आभाळातनं भाकर पडती व्हय?"

"भाकर कोण मागतंय रं? काल कुणाला टाकून बोलले ते आठवते. आज तसं नको घडाया, एवढंच म्हणते."

मी गप्प. 'शिका' म्हणून मी वस्त्यावस्त्यांत घसा फोडतो. ही बाई बायबल वाचायचं म्हणून चाळिशीत अक्षरं गिरवायला बसली.

पण तिला जात सुटली नाही. गाव जुन्याच नावानं हाक मारतं. सरकार म्हणतं, तू ख्रिस्ती, तुला सवलत नाही. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्याच धरल्या. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हंजे गुडघे टेकले की दाखला जातो, शिवी राहते.

दोस्तांनो, देव मी मानत नाही. पण मावशीच्या प्रार्थनेला आता हसत नाही. तिच्या दाखल्यासाठी भांडणं हे आपलंच काम आहे.