कॉन्टॅक्ट गेलाय

प्रत्येक घराण्यात एक तरी माणूस असा असतो, ज्याला कम्प्युटरमधलं 'कळतं'. आमच्याकडे तो मी. त्यामुळे माझ्या रविवारांचं काय होतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे!

उरलेल्या रविवारी मी आगगाड्यांशी खेळतो. एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. पुण्यात कोथरूडला १९९८ साली जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम सुरू झालं, ते पाहिलं आणि हा नाद लागला तो लागलाच.

दोन्ही उद्योगांनी मला एकच गोष्ट शिकवली. या गाडीला वीज रुळांतून मिळते. एका रुळातून ती चाकात शिरते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. रुळावर काळपट थर बसला की इंजिन अडखळतं, बंद पडतं. बघणारा म्हणतो, मोटर जळली. फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ आणि चाकं पुसली, की गाडी निघाली! मेलेलं काही नसतं, बहुतेक वेळा नुसता कॉन्टॅक्ट गेलेला असतो.

गेल्या दिवाळीत काकांकडे गेलो, तर जुना पीसी माळ्यावर. दुकानदाराने फाईली नव्या लॅपटॉपवर घालून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, "डबा भंगारात द्या." काका म्हणाले, "ते राहू दे. हिची वही तेवढी बघ."

वही म्हणजे काकूने २००४-०५ मध्ये एका बोटाने टाईप केलेल्या पाककृती. काकू जाऊन आता सहा वर्षं झाली. लॅपटॉपवर फाईल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांचा नुसता चिवडा. "फाईल खराब झालीय," असं दुकानदाराने सांगितलेलं.

खराब नव्हती हो! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण आपल्याकडे जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालले. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आणि तो फॉन्ट होता फक्त माळ्यावरच्या डब्यात.

डबा खाली काढला. बटण दाबलं, नुसती बीप बीप, पडदा काळा. प्लग काढला, रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलक्या हाताने फिरवलं आणि परत बसवली. दुसऱ्या खेपेला सुरू झाला. फॉन्ट लॅपटॉपवर घातला, फाईल उघडली. 'अनारसे'. शेवटी काकूची टीप : 'गूळ बेताचा. ह्यांना लपवून खायची सवय आहे.'

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तिला माहीत होतं तर!"

ती सगळी वही आता युनिकोडमध्ये करून, छापून त्यांना दिली आहे.

असो. मंडळी, तुमच्याकडेही अशा फाईली असतील. डबा भंगारात देण्याआधी त्यातले फॉन्ट काढून घ्या. अडलं तर मला बोलवा. फी एक कप चहा.