आईच्या डोळ्याचं माप

कमरेचं माप, बुटाचा नंबर, झालंच तर कोलेस्टेरॉल. आपल्याला स्वतःचे हे सगळे आकडे तोंडपाठ असतात. जिमवाल्यांना तर दंडाचा घेरही पॉइंटमध्ये सांगता येतो. पण तुमचा डोळा किती लांब आहे हो? हसू नका. डोळ्यालाही लांबी असते. पुढच्या कॉर्नियापासून मागच्या पडद्यापर्यंत, बहुतेकांची साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास. माझ्या आईच्या उजव्या डोळ्याची २६.०२. गेल्या वर्षी हा आकडा कळला आणि तेव्हापासून मी तो कुणालाही, कुठेही ऐकवते. ऑफिसातले लोक आता मला टाळतात.

आईला शाळेपासून चष्मा. मायनस सहा. म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीचे बूड असतात ना, तसल्या काचा. ती डोंबिवलीच्या घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. बारीक काम आलं की चष्मा कपाळावर ढकलायचा आणि कापड जवळजवळ नाकाला टेकवायचं. मायनसवाल्यांना देवाने ही एक सवलत दिलेली असते, जवळचं सगळं बिनचष्म्याचं झकास दिसतं. आमच्या शेजारच्या काकू चाळिशीनंतर सुई घेऊन आईकडे यायच्या, ‘तेवढं ओवून द्या हो.’ आईला त्याचा केवढा अभिमान!

मग वर्षभरात उजव्या डोळ्याचा नंबर दोनदा वाढला. सहाचा साडेआठ. चष्मेवाल्याने दोन्ही वेळा काच बदलून दिली, पैसे घेतले आणि विषय संपवला. एके दिवशी आईने पांढऱ्या ब्लाउजला क्रीम रंगाच्या दोऱ्याने हातशिलाई घातली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण आई दोन दिवस गप्प होती. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. डोळ्यातल्या भिंगाचा मधला भाग घट्ट व्हायला लागला की मायनस नंबर असाच वाढत जातो आणि वर पिवळट छटा येते, ती वेगळीच.

ऑपरेशन आजकाल पंधरा-वीस मिनिटांचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. खरी गंमत त्याच्या आधी असते. मापं! हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, लाल ठिपक्याकडे बघा, पापणी हलवू नका. यंत्र कॉर्नियाची गोलाई मोजतं, डोळ्याची लांबी प्रकाशकिरणाने मोजतं. मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश आरपार जात नाही, मग अल्ट्रासाउंडने मोजावं लागतं. जे भिंग आत बसवायचं त्याची पॉवर याच आकड्यांवरून ठरते. सर्वसाधारण डोळ्यात लांबी एक मिलिमीटर चुकली की चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. एका मिलिमीटरने!

हे ऐकल्यावर माझी आई सीरियस झाली. मापं हा तिचा प्रांत. तिने त्या तंत्रज्ञ मुलीला विचारलं, ‘अगं, एकदाच घेतलंस? परत घे.’ मुलगी म्हणाली, ‘काकू, मशीन आपोआप बऱ्याच वेळा घेतं.’ तरी आई म्हणालीच, ‘माप घेताना बायका श्वास रोखून धरतात, मग ब्लाउज घट्ट होतो. डोळ्याचं तसं नसतं ना?’ मुलगी हसली आणि तिने खरंच पुन्हा मोजलं. २६.०२ आणि २६.०३. आईला पटलं.

मोजमाप चुकलं तर काय होतं याचा दाखला पहिल्याच ऑपरेशनात आहे. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली नावाच्या सर्जनने १९४९ साली डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायला सुरुवात केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सचे तुकडे शिरले होते आणि डोळ्यांनी ते सहन केले होते, त्यावरून त्याला ही आयडिया सुचली. भिंग बसलं, पण पॉवर इतकी जास्त निघाली की त्या पहिल्या बाईंचा नंबर ऑपरेशननंतर मायनस अठराच्या घरात गेला. म्हणजे भिंग हातात होतं, गणित नव्हतं. आज हॉस्पिटलातलं यंत्र ते गणित दोन मिनिटांत करून कागद हातात देतं.

त्या कागदावरूनच आमच्या घरात महाभारत झालं.

कागदावर दोन रकाने असतात. डावीकडे भिंगाची पॉवर, अर्ध्या-अर्ध्याने चढत जाणारी. उजवीकडे, ते भिंग बसवलं तर नंतर साधारण किती नंबर राहील तो आकडा. आईच्या कागदावर १४ समोर जवळपास शून्य होतं. दादा बंगळुरूहून फोनवर, ‘शून्यच! विचार काय करायचाय? जन्मभर चष्मा लावलाय तिने.’ बाबांना वाटत होतं, मेडिक्लेममध्ये बसेल ते घ्या. काउन्सेलर मॅडमनी तर मोबाइल प्लॅनसारखं ब्रोशर पुढे केलं: साधं भिंग, महागडं भिंग, त्याहून महागडं मल्टिफोकल. मी ऑफिसात लंच टाइममध्ये सगळ्याचं एक्सेल केलं. रंग वगैरे भरून.

डॉक्टर तसे तरुणच होते. त्यांनी एक्सेलकडे बघितलंही नाही. आईला विचारलं, ‘काकू, दिवसभर काय करता?’

‘शिवते.’

‘चष्मा लावून की काढून?’

‘काढून.’

‘मग शून्य नंबर केला तर लांबचं बिनचष्म्याचं दिसेल, पण शिवायला चष्मा लावावा लागेल. चालेल?’

आई आमच्याकडे न बघता म्हणाली, ‘बाहेर जाताना चष्मा लावायची मला सवय आहे. सुई मात्र माझी मला ओवता आली पाहिजे.’

दादा स्पीकरवर होता. काही बोलला नाही. मल्टिफोकलचाही विषय निघाला, पण त्यात कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, हे ऐकून आईने हात हलवला. काळ्यावर काळा दोरा घालणाऱ्या बाईला कॉन्ट्रास्ट कमी करून कसा चालेल? शेवटी ठरलं, मायनस अडीच ठेवायचा. मायनस अडीचचा डोळा बिनचष्म्याने चाळीस सेंटिमीटरवरचं स्वच्छ बघतो. कागदावर बोट खाली सरकलं, १७.५ वर थांबलं.

(इथे एक कामाची गोष्ट. तुमच्यापैकी ज्यांनी लेसर करून चष्मा घालवलाय किंवा लग्नाआधी घालवणार आहात, त्यांनी लेसरच्या आधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. लेसरने कॉर्नियाची गोलाई बदलते. पुढे मोतीबिंदूची वेळ आली की नेहमीच्या पद्धतीने मोजलेला आकडा फसवतो आणि मायनसवाल्यांना भिंग कमी पॉवरचं बसून नंबर प्लसमध्ये जाऊ शकतो. आता त्यासाठी वेगळे फॉर्म्युले आहेत, पण जुना कागद हाताशी असलेला बरा. आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनो, मापाच्या आधी डॉक्टर सांगतील तितके दिवस लेन्स काढून ठेवायच्या. त्यानेही गोलाई बदलते.)

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आईने बिनचष्म्याने लांबच्या तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचल्या. माझी मावशी सोबत होती, तिचा चेहरा पडला. ‘एवढा खर्च करून दोन ओळी?’ मी तिला मायनस अडीचचं गणित समजावत होते, तोवर नर्सने छोट्या अक्षरांचं कार्ड आईच्या हातात दिलं. आईने शेवटची ओळ वाचली. मग कार्ड उलटं करून छापखान्याचं नाव वाचलं.

महिन्याने फायनल माप. परत हनुवटी टेकवा, परत यंत्राच्या आत रस्त्याच्या टोकाला तो रंगीत फुगा. मायनस २.२५. ठरवलं होतं अडीच. डॉक्टर खूश. आई म्हणाली, ‘पाव नंबर इकडेतिकडे होणारच. शिलाईत मार्जिन ठेवतोच की आपण.’

सगळं छान छान झालं असं मात्र नाही. पूर्वी सुई नाकाजवळ धरली की मोठी दिसायची. आता हातभर लांब धरावी लागते आणि दिसते तेवढीच दिसते. पहिले पंधरा दिवस ती दर वेळी सवयीने कापड नाकाशी न्यायची, चडफडायची, परत लांब धरायची. मधल्या काळात दुसरा हाल. उजवा डोळा सव्वादोन, डावा अजून सात. चष्म्यातून दोन डोळ्यांना दोन वेगळ्या आकारांची चित्रं दिसायची, जिन्यात पाय चुकायचा. तीन आठवडे मी तिला एकटीला स्टेशनला जाऊ दिलं नाही आणि आम्ही रोज भांडलो. ‘मी आंधळी नाही,’ ती म्हणायची. नव्हतीच. पण जिना तो जिना.

डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. तो मायनस अडीचवर बरोब्बर बसला. घरी आल्यावर आईने गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली. छाती, कंबर, बाही, मुंढा असे रकाने. शेवटच्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली दोन ओळी: उजवा २६.०२, भिंग १७.५, नंबर सव्वादोन. डावा २६.३०, भिंग १७, नंबर अडीच. मग वही मिटून मला म्हणाली, ‘तो नारळी रंगाचा ब्लाउज आण गं, त्याचे हुक राहिलेत.’