गुब्बीच्या व्यापाऱ्याने बदललेलं मत

व्यापाऱ्यांच्या दानधर्माविषयी माझं मत बरीच वर्षं कठोर होतं. एका हाताने गावाकडून घ्यायचं आणि म्हातारपणी त्यातलं थोडं देवळाला नाहीतर धर्मशाळेला देऊन नावाची पाटी लावायची, असंच मी त्याकडे पाहत असे. आज ते मत तसं राहिलेलं नाही. ते बदलायला कारण झाले गुब्बी तोटदप्पा. १८३८ साली तुमकूरजवळच्या गुब्बी या लहानशा गावात जन्मलेले हे लिंगायत व्यापारी १९१० साली वारले.

माझ्या कठोरपणाला कारण होतं. आम्ही शाळेत शिकलो ते दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं लुटली, कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचला. त्या वह्या मनात इतक्या घट्ट बसल्या होत्या की एकोणिसाव्या शतकातला पेढीवाला म्हटलं की मी लगेच शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहायचो. अजूनही राहतो. बेंगळुरूला स्थायिक झाल्यावर इकडचा इतिहास वाचायला घेतला, तर तोही त्याच काळात दुष्काळाने भाजलेला. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थान पोखरून टाकलं. १८७१च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर असलेली वस्ती १८८१ला बेचाळीस लाखांच्या आसपास आली. असल्या काळात ज्याच्या गाठीला पैसा जमला त्याने पुढे काय बांधलं, याचं कौतुक मला वाटत नसे.

तोटदप्पांचं नाव मला रस्त्याच्या पाटीवरून माहीत होतं, बेंगळुरूत राहणाऱ्या कुणालाही असतं तसं. मॅजेस्टिकला उतरलं की गुब्बी तोटदप्पा रोड. हा माणूस कोण होता हे हळूहळू वाचत गेलो. गुब्बीचं हे घराणं व्यापारासाठी बेंगळुरूला आलं आणि पेठेतल्या मामूलपेठेत त्यांनी दुकान थाटलं. त्या वेळचं बेंगळुरू म्हणजे दोन गावं. पूर्वेला इंग्रजांची छावणी, पश्चिमेला चिक्कपेठ, बळेपेठ, तरगुपेठ, नगरतपेठ अशी गजबजलेली जुनी पेठ. इथवर वाचलं तोवर माझं मत जागचं हललं नव्हतं. ते हललं तोटदप्पांनी प्रवाशांसाठी बांधलेल्या छत्राची, म्हणजे धर्मशाळेची, जागा आणि साल शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर.

असं छत्र कुठे बांधायचं याचे आपल्याकडे ठरलेले संकेत होते. देवळाजवळ, नदीच्या घाटावर, तळ्याकाठी, यात्रेच्या वाटेवर. पुण्य जिथे मोजलं जातं तिथे. तोटदप्पांनी १८९७ साली रेल्वेकडून जागा विकत घेतली ती सिटी स्टेशनच्या समोर. १८६४मध्ये छावणीला मद्रासच्या बाजूची गाडी आली होती. दुष्काळानंतर संस्थानात रेल्वेची कामं वाढली, १८८४ साली तुमकूरपर्यंत रूळ गेले आणि पुढे गुब्बीही त्याच मार्गावर आली. काही वर्षांत हा मार्ग हरिहरमार्गे हुबळी, बेळगाव आणि पुण्याला जोडला गेला. म्हणजे पुण्या-बेळगावकडची आपली माणसं या गाडीने बेंगळुरूला येऊ लागली ती गुब्बीवरूनच.

ज्याचं मूळ गाव असं रुळांवर आलं, त्या व्यापाऱ्याला पुढे काय होणार हे दुकानात बसून दिसलं असावं, असं मला वाटतं. बैलगाडीने येणारा माणूस वाटेत मुक्काम करत, ओळखी काढत येतो आणि कुणाच्या तरी ओट्यावर उतरतो. गाडीने येणारा संध्याकाळी अनोळखी शहरात एकदम उभा राहतो. हातात गाठोडं, कोर्टाचा कागद, बरोबर आजारी आई किंवा शाळेत घालायला आणलेला मुलगा. त्याची पहिली रात्र कुठे जाणार? शहर घडवणाऱ्यांत आपण दिवाण आणि इंजिनिअर मोजतो, आणि ते बरोबरच आहे. दिवाण शेषाद्री अय्यरांनी या शहराला नळाचं पाणी दिलं. पण त्या पहिल्या रात्रीचा विचार मामूलपेठेतल्या दुकानदाराने केला. याला मी आता नावाची हौस म्हणू शकत नाही. हा धंद्यात मुरलेल्या माणसाचा विचार आहे. गिऱ्हाईक कुठून येतं आणि कुठे अडतं हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्यालाच तो सुचावा.

आणि पुढची वर्षं सोपी नव्हती. १८९८च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूत प्लेग शिरला, तो रेल्वेनेच, हुबळीकडून. पेठ रिकामी होऊ लागली. मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींना त्यानंतर वेग आला. आगगाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याचे ते दिवस. नेमक्या त्याच माणसासाठी बांधलेलं धर्मछत्र फेब्रुवारी १९०३मध्ये महाराजा कृष्णराज वडेयर चौथे यांच्या हस्ते सुरू झालं. तोटदप्पा तेव्हा पासष्टीला आले होते. दोन वर्षांनी, १९०५ साली, विद्यार्थ्यांसाठी मोफत वसतिगृह निघालं. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना ‘धर्मप्रवर्त’ ही पदवी दिली. इंग्रज सरकारची रावबहादुरकी आली १९१०मध्ये, त्यांच्या अखेरच्या वर्षी.

घराविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मला सर्वांत जास्त तिनेच विचार करायला लावलं. तोटदप्पांना मूल नव्हतं. त्या काळी अशा घराला दत्तकाचा सरळ रस्ता होता. म्हैसूरच्या गादीचंच पाहा. मुम्मडी (तिसरे) कृष्णराजांनी घेतलेल्या दत्तकाला इंग्रजांनी मान्यता दिली, म्हणून १८८१ साली इंग्रजांच्या ताब्यातलं राज्य वडेयरांना परत मिळालं. वारसाचं महत्त्व त्या पिढीने संस्थानभर अनुभवलं होतं. तोटदप्पांनी मालमत्ता विश्वस्त मंडळाकडे सोपवली आणि के. पी. पुट्टण्ण चेट्टी यांना अध्यक्ष केलं. हे चेट्टी पुढे बेंगळुरू नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आजचा टाऊन हॉल त्यांच्याच नावाचा. मी पूर्वी अशा दानाला ‘मूल नव्हतं म्हणून दिलं’ एवढं म्हणून मोकळा होत असे. आता तसं म्हणवत नाही. मूल नसलेली श्रीमंत माणसं प्रत्येक गावात होती. त्यातल्या किती जणांनी आयुष्याची कमाई आपल्या माघारी चालेल अशी बांधून, आपल्या नात्याबाहेरच्या जबाबदार माणसांच्या हाती दिली?

तोटदप्पांच्या वसतिगृहाचं पुढे काय झालं तेही पाहावं. १९२७ साली मागडी तालुक्यातल्या वीरापुराहून आलेला शिवण्णा नावाचा मुलगा सेंट्रल कॉलेजात शिकत असताना तिथे राहिला. तेच सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी. २०१९ साली एकशे अकराव्या वर्षी ते गेले तेव्हा मठात हजारो मुलं मोफत राहत, जेवत आणि शिकत होती. आपल्याकडेही हेच घडलं आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मागोमाग तिथे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिचा जीवच वसतिगृह होता. ज्याला परक्या गावात छप्पर आणि ताट मिळालं, त्यालाच त्याची किंमत कळली. जातवार बोर्डिंगांविषयी माझे आक्षेप आजही आहेत. पण ज्या काळात खेड्यातल्या मुलाला खोली कुणी भाड्याने देत नव्हतं, त्या काळात तीच पायरी होती, हे आता मान्य करतो.

सुप्याच्या वह्यांविषयीचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ज्यांनी कुळं नागवली त्यांना कुठल्याही धर्मशाळेने माफी मिळत नाही. फरक इतकाच की आता मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाही. पैसा कुठे ठेवला, कुणासाठी ठेवला आणि किल्ली कुणाच्या हाती दिली, हे आधी विचारतो. स्टेशनसमोरचं धर्मांबुधी तळं आटलं, तिथे बसस्थानक झालं, आता खालून मेट्रो जाते. इतक्या महागड्या चौकात एका व्यापाऱ्याने राखून दिलेली जागा अजून त्याच्या नावाने ओळखली जाते, ही साधी बाब नव्हे.

सोलापूर, सांगली, बेळगाव, लातूर, कुठेही तुमच्या गावात असं जुनं बोर्डिंग किंवा धर्मशाळा असेल तर एकदा जाऊन बघा. ट्रस्टचं मूळ दानपत्र मागून वाचा. तिथे अजून मुलं राहतात का, की खालचे गाळे भाड्याने देऊन वरच्या खोल्यांना कुलूप लागलंय, ते विश्वस्तांना विचारा. आणि मुलं राहत असतील, तर त्यातल्या एकाच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च उचला.