पासपोर्ट मागच्या गाडीने

व्हिएतनाम बसने फिरलो म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, 'का रे बाबा, तिकडे विमानं नाहीत का?' आहेत की! पण हनोई ते ह्युए हे साडेसहाशेच्या वर किलोमीटर रात्रीच्या स्लीपरने गेलं, की हॉस्टेलचं एका रात्रीचं भाडंही वाचतं. 2024च्या मार्चमध्ये मी तिकीट काढलं साडेतीन लाखांचं. दचकू नका, डोंग म्हणतोय. आपले जेमतेम बाराशे रुपये.

चढतानाच क्लीनर हातात प्लास्टिकची पिशवी देतो. बूट काढून त्यात भरायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं, देवळात शिरल्यासारखं. आत तीन रांगा, दोन मजले. सीट मागे रेललेली आणि पाय पुढच्याच्या डोक्याखालच्या खोक्यात खुपसायचे. माझ्यासारखे सहाफुटी असाल तर गुडघे रात्रभर भांडतात. एसी महाभयंकर गार, त्यामुळे जॅकेट डिकीत टाकू नका.

आठच्या सुमाराला गाडी जेवायला थांबली. दाराशी रबरी चपलांची टोपली, कुणाच्याही पायात कुणाचीही. फोचा वाफाळता वाडगा समोर आला, पैसे काढायला पाऊच उघडला आणि पोटात गोळाच आला. पासपोर्ट नाही! तिकडे हॉटेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट बरेचदा काउंटरवर ठेवून घेतात. निघताना काउंटरवरचा मुलगा विसरला आणि मीही. हनोई दोन तास मागे आणि तीन दिवसांनी सायगॉनहून परतीचं विमान.

क्लीनर विशीतला पोरगा. इंग्रजी 'ओके' आणि 'नो शूज'पुरतं. मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर सगळी कर्मकहाणी टाइप केली. त्याने वाचली, माझ्याकडून हॉस्टेलचं कार्ड घेतलं (हे कार्ड नेहमी खिशात ठेवा, प्लीज), फोन लावला, दोन मिनिटं जोरजोरात बोलला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली, 'मागच्या गाडीने येईल. जेव.'

विश्वास बसेना. मग त्याने गाडीची डिकी उघडून दाखवली. फळांची खोकी, स्कूटरचे पार्ट, एक गुंडाळलेली गादी, प्रत्येकावर मार्करने लिहिलेला फोन नंबर. तिकडे बस म्हणजे कुरिअरसुद्धा! आईने गावाहून एसटीच्या कंडक्टरकडे दिलेला डबा ज्याने स्वारगेटला जाऊन घेतलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. माझा जीव अर्धा तरी खाली आला. विमानाने गेलो असतो तर ही भानगड एअरपोर्टवरच कळली असती म्हणा, पण विमान मात्र सुटलं असतं.

झोप कसली लागतेय! उजाडता उजाडता बेन हाय नदी आली. 1954 साली देशाचे दोन तुकडे झाले, तेव्हा ही नदी हद्द ठरली आणि माणसं वीसेक वर्षं अलीकडे-पलीकडे अडकली. आमची गाडी अर्ध्या मिनिटात पूल ओलांडून गेली. सगळे घोरत होते. बिनपासपोर्टचा मी तेवढा काचेला नाक लावून बसलो होतो.

आठ वाजता ह्युए. 1802 ते 1945 न्गुयेन राजांची ही राजधानी. राजवाडा बघायला म्हणून आलेलो मी, बस ऑफिससमोर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून रस्ता बघत होतो. कंडेन्स्ड मिल्कची कॉफी झाली, दुसरी झाली. पावणेदहाला मागची गाडी आली. ड्रायव्हरने डॅशबोर्डवरून एक खाकी पाकीट उचललं. वर माझ्या नावाचं स्पेलिंग साफ चुकलेलं, पण आत माझाच फोटो!

त्या क्षणी शंभर डॉलर मागितले असते तरी दिले असते. काउंटरवरच्या बाईंनी पावती फाडली पन्नास हजार डोंगांची. एकशे सत्तर रुपये. छोट्या पार्सलचा रेट.

आमची गाडी बाजूला धुवायला लावली होती. क्लीनर खालच्या बर्थवर गाढ झोपला होता, पाय खोक्यात अगदी बेतशीर बसलेले. उठवावंसं वाटेना. टपरीवर त्याच्या कॉफीचे पैसे देऊन ठेवले आणि राजवाड्याचा रस्ता विचारला.